‘सहा सिटिंगमध्ये टॅटू गायब’: या दाव्यामागचे पेपर वाचताना

गणपतीत मावशीकडे घाटकोपरला गेले होते. जेवणं झाल्यावर मावसभावाने शर्टाची बाही वर केली आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला काळ्या शाईत चार अक्षरी नाव आणि शेजारी छोटा लाल बदाम. तीन वर्षांपूर्वी काढलेला टॅटू. त्या नावाचा विषय आता घरात निघत नाही.

“ताई, तू लेझरवरच पीएचडी करतेस ना? मग हे खरं की खोटं सांग.” असं म्हणून त्याने एक पत्रक दिलं. अंधेरीतल्या एका क्लिनिकचं. ‘६ सिटिंग. १०० टक्के रिझल्ट. डाग नाही, व्रण नाही.’ दर तीन आठवड्यांनी एक सिटिंग, पैसे आगाऊ. त्याच्या दोन झाल्या होत्या. नाव अजून व्यवस्थित वाचता येत होतं आणि बदामाच्या कडेला कातडीचा रंग उडून फिकट चट्टा पडला होता.

बाजूला बसलेली आजी हसत होती. तिच्या कपाळावर आणि मनगटावर लहानपणीचं गोंदण आहे. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं तिच्या पिढीत मानायचे. “आम्ही सोबत न्यायला गोंदवलं, तुम्ही पुसायला,” ती म्हणाली.

पण मावसभावाला हसू येत नव्हतं, कारण तो एसएससी जीडीची तयारी करतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत टॅटूचे नियम ठरलेले आहेत. हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू चालतो, पण फक्त डाव्या हाताचा, कारण सलाम उजव्या हाताने करतात. तळहाताच्या मागच्या बाजूचा चालतो. आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान हवा. धार्मिक चिन्ह किंवा नाव असलं तर चालतं. म्हणजे याचं नाव डाव्या हातावर असतं तर बहुधा प्रश्नच आला नसता. ते उजव्या हातावर आहे. अशी प्रकरणं कोर्टापर्यंत जातात. २०१७ मध्ये सोलापूरच्या एका तरुणाला हातावरच्या धार्मिक टॅटूमुळे सीआयएसएफच्या भरतीत अपात्र ठरवलं होतं, तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. पण याच्या हातावर देवाचं चिन्ह नाही, आणि भरतीसाठी वकील लावायची घरची परिस्थितीही नाही.

आता मुद्द्यावर येते. मी डॉक्टर नाही. माझं काम नॅनोकणांवर लेझरचे छोटे झोत सोडून त्यांचं काय होतं ते बघण्याचं. म्हणजे शाईच्या कणाबद्दल मी बोलू शकते, कातडीबद्दल जपून बोललं पाहिजे. हा लेख ‘टॅटू कसा काढावा’ असा नाही. ‘किती सिटिंग लागतील?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे पेपर वाचले, त्यांचं हे परीक्षण आहे. आणि ते वाचताना मी स्वतः जी चूक केली, तिचंही.

आधी थोडं विज्ञान

टॅटूची सुई शाई वरच्या कातडीखाली, डर्मिस नावाच्या थरात सोडते. वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होत राहतो, डर्मिस तसा होत नाही. शरीराच्या पेशी शाईचे कण गिळून बसतात. मोठे कण त्यांना फोडताही येत नाहीत आणि बाहेर नेताही येत नाहीत.

१९८३ मध्ये आर. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’मध्ये एक पेपर लिहिला. त्यातली कल्पना आजही या सगळ्या मशीनच्या मुळाशी आहे. असा रंग, म्हणजे अशी तरंगलांबी निवडा की लक्ष्य ती शोषून घेईल आणि आजूबाजूचं फारसं घेणार नाही. आणि झोत इतका छोटा ठेवा की लक्ष्यात शिरलेली उष्णता बाहेर पसरायच्या आत काम संपेल. हा पसरायचा वेळ कणाच्या आकाराच्या वर्गावर अवलंबून असतो. कण निम्मा झाला की वेळ पाव होतो. १०० नॅनोमीटरच्या कणाला हा वेळ काही नॅनोसेकंद येतो. म्हणून क्यू-स्विच्ड लेझर, ज्याचे झोत काही नॅनोसेकंदांचे असतात.

काळ्या शाईला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर चालतो, लाल शाईला ५३२ नॅनोमीटर. अडचण अशी की आपल्या कातडीतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. तरंगलांबी जितकी कमी, तितकं जास्त. म्हणून सावळ्या कातडीला १०६४ त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात आणि ५३२ वापरताना काळजी घ्यावी लागते. मावसभावाचा चट्टा नावाला नाही, लाल बदामाच्या कडेला पडला होता, हे इथे आठवा. एका हातावरून सिद्धांत सिद्ध होत नाही, पण हे सिद्धांताशी जुळतं.

आणखी एक पेपर. २०१८ मध्ये मार्सेच्या एका गटाने उंदराच्या शेपटीवर टॅटू काढून दाखवलं की शाई धरून ठेवणारी पेशी मेली की शाई मोकळी होते आणि शेजारची नवी पेशी तीच शाई पुन्हा गिळते. पेशी बदलतात, चित्र तिथेच राहतं. लेझरने पेशी फुटली, कण बारीक झाले, तरी काहीच कण लसिकेतून वाहून जातात. उरलेले पुन्हा पकडले जातात. म्हणून एका सिटिंगमध्ये काम होत नाही.

माझी चूक: ‘चौदा’

त्या रात्री घरी येऊन मी शोध घेतला आणि किर्बी–देसाई स्केल सापडली. २००९ चा पेपर. टॅटू काढायला किती सिटिंग लागतील याचा अंदाज देणारी ही बहुधा सगळ्यात जास्त उल्लेखली जाणारी मोजपट्टी. सहा गोष्टींना गुण द्यायचे: कातडीचा प्रकार, टॅटूची जागा, रंग, शाईचं प्रमाण, व्रण, आणि एका टॅटूवर दुसरा काढला आहे का. गुणांची बेरीज म्हणजे अंदाजे सिटिंग.

मी मावसभावाचा हिशोब केला. कातडी पाचव्या प्रकारची, ५ गुण. हाताचा खालचा भाग, ५. बहुतेक काळा, थोडा लाल, २. शाई कमी, २. टॅटू काढतानाचा व्रण नाही, ०. थर नाही, ०. एकूण १४.

मी त्याला मेसेज केला: ‘सहा नाही, चौदा लागतील.’ दोन सिटिंगमध्ये आठ आठवडे ठेवले तर मधली तेरा अंतरं, म्हणजे १०४ आठवडे, पूर्ण दोन वर्षं. क्लिनिकच्या हिशोबाने पंधरा आठवडे. ‘बघ, कसं फसवतात,’ असंही लिहिलं. मला फार बरं वाटलं. पेपर वाचून घरच्यांच्या कामी आले, वगैरे.

दोन दिवसांनी तो पेपर मी नीट वाचला, आणि मग मात्र लाज वाटली. क्लिनिकने एक आकडा छातीठोकपणे सांगितला होता. मी दुसरा आकडा तितक्याच छातीठोकपणे सांगितला होता. फरक इतकाच की माझ्या आकड्यामागे जर्नलचं नाव होतं.

किर्बी–देसाईत नेमकं काय आहे

आधी चांगलं सांगते. हा पेपर उपयोगाचा आहे. त्याआधी डॉक्टर अनुभवावरून अंदाज सांगायचे. या लोकांनी तो अंदाज कागदावर मांडला, कोणत्या गोष्टी बघायच्या ते ठरवलं आणि १०० जणांच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं. कातडीचा रंग आणि टॅटूची जागा हे घटक उघडपणे मोजपट्टीत आणले. रक्तपुरवठा आणि लसिकेचा निचरा चेहऱ्या-मानेपासून हातापायाच्या टोकाकडे कमी होत जातो, म्हणून मनगटाजवळचा टॅटू मानेवरच्यापेक्षा उशिरा जातो, ही कल्पना तर्काला धरून आहे.

आता प्रश्न. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने हे प्रश्न कुठल्याही ‘स्केल’ला विचारायला हवेत.

पहिला प्रश्न, बेरीज का? कातडीचा प्रकार एकाने वाढला की बरोबर एक सिटिंग वाढते. जागा एका पायरीने खाली सरकली की बरोबर एक सिटिंग. दोन्ही घटकांचं वजन अगदी सारखं असेल, हे निसर्गाने कुठे लिहून दिलंय? आकडेवारीतून वजनं काढता येतात, त्यासाठी रिग्रेशन असतं. इथे गुण आधी ठरवले आणि बेरीज केली. क्लिनिकमध्ये पटकन वापरायला हे सोयीचं आहे हे मान्य. पण सोय म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरा प्रश्न, ०.७५७ म्हणजे काय? स्केलचे गुण आणि प्रत्यक्ष लागलेल्या सिटिंग यांचा सहसंबंध गुणांक पेपरात ०.७५७ दिला आहे. ऐकायला छान. त्याचा वर्ग करा: ०.५७ च्या आसपास. म्हणजे सिटिंगच्या संख्येतला जो फरक माणसामाणसांत दिसतो, त्यातला साधारण ५७ टक्के या गुणांशी जोडता येतो आणि ४३ टक्के नाही. शिवाय सहसंबंध म्हणजे अचूकता नव्हे. समजा, घरातलं घड्याळ रोज बरोबर वीस मिनिटं पुढे असतं. खऱ्या वेळेशी त्याचा सहसंबंध १ आहे, अगदी परिपूर्ण. तरी त्यावर विसंबून तुम्ही प्लॅटफॉर्मवर उगाच वीस मिनिटं उभे राहाल. दोन मोजमापं जुळतात का हे बघायला सहसंबंध पुरत नाही, हे ब्लंड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये सांगून ठेवलंय. तरी आजही कित्येक प्रबंधांत, आणि माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्येसुद्धा, सहसंबंध दाखवून ‘पद्धत प्रमाणित झाली’ असं लिहिलेलं असतं.

तिसरा प्रश्न, कातडीचे सहा प्रकार कोणाचे? हे वर्गीकरण थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलं, ते प्रकाशोपचाराचा डोस ठरवण्यासाठी. उन्हात कातडी किती भाजते, किती काळवंडते यावर ते बेतलेलं आहे. सुरुवातीला त्याचं लक्ष गोऱ्या कातडीवर होतं, पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. म्हणजे संध्याकाळी सातला घाटकोपर मेट्रोच्या जिन्यावर जी गर्दी असते, ती जवळजवळ सगळी सहापैकी दोन खणांत बसणार. पट्टीला सहा खुणा आहेत, पण आपल्या कामाच्या दोनच. अशा पट्टीने आपल्यातला फरक मोजणं म्हणजे किलोच्या वजनाने वेलदोडे तोलणं.

चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: छेद कुठे आहे?

छेद

‘एकूण किती सिटिंग लागल्या’ हा आकडा कोणाच्या नोंदीत सापडतो? ज्याचं काम पूर्ण झालं त्याच्याच. जो चार सिटिंगनंतर पैसे संपले म्हणून थांबला, ज्याला चट्टे पडले म्हणून तो घाबरला, ज्याची बदली झाली, त्यांच्या नोंदीत अंतिम आकडाच नसतो.

समजा, तुम्ही बोरिवली स्टेशनवर उभे आहात आणि अंधेरीहून आलेल्या प्रत्येकाला विचारताय, ‘किती वेळ लागला?’ सरासरी निघेल. पण जे गाडी अडकली म्हणून मालाडला उतरून रिक्षाने गेले, ते तुमच्या यादीत नाहीतच. गाडी जितकी जास्त अडकेल तितके जास्त लोक यादीतून गळतील, आणि तुमची सरासरी मात्र चांगलीच दिसत राहील.

यावर उपाय आहे. ‘सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस’ म्हणतात त्याला. नाव भीतीदायक आहे, कारण ते मृत्यूच्या अभ्यासातून आलं. कल्पना सोपी आहे: जो मधेच उतरला त्याला यादीतून काढायचं नाही. ‘मालाडपर्यंत हा गाडीत होता आणि तोवर पोचला नव्हता’ एवढी माहिती वापरायची आणि मग त्याला बाजूला करायचं. पोचलेल्यांची सरासरी काढण्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर किती टक्के पोचले, हे काढायचं.

मिलानच्या बेन्चीनी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये टॅटूसाठी याच धर्तीचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. ३५२ रुग्ण, क्यू-स्विच्ड लेझर. त्यांचं उत्तर असं: १० सिटिंगनंतर ४७.२ टक्के लोकांचा टॅटू यशस्वीपणे निघाला होता, १५ नंतर ७४.८ टक्के. म्हणजे १० सिटिंगला निम्म्याहून जास्त लोक अजून वाटेतच, आणि १५ नंतरही दर चारांतला एक.

पत्रकावरचं ‘६ सिटिंग, १०० टक्के’ या आकड्यांशेजारी ठेवून बघा. आणि माझं ‘चौदा’ही ठेवा. खरं उत्तर एका आकड्याचं नाहीच. ते एका वक्राचं आहे. ‘चौदा लागतील’ हे चूक. ‘तुझ्यासारख्या शंभर जणांत चौदापर्यंत इतक्यांचं काम होईल’ हे बरोबर वाक्य, आणि त्यातला ‘इतक्या’ हा आकडा आपल्या कातडीसाठी मिलानच्या पेपरातून थेट उचलता येत नाही.

त्याच अभ्यासात यश कमी करणारे घटकही दिले आहेत: धूम्रपान, काळा-लाल सोडून इतर रंग, मोठा आकार, पायावरचा टॅटू, दाट शाई, जुना टॅटू, आणि दोन सिटिंगमध्ये आठ आठवडे किंवा त्याहून कमी अंतर. शेवटचा मुद्दा वाचून मी तीन आठवडेवाल्या पत्रकाकडे पुन्हा पाहिलं. पण इथेही घाई नको. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कोणाला किती अंतर द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. अंतर कमी म्हणून निकाल वाईट, की ज्यांचा टॅटू हट्टी तेच लोक घाईने परत येत होते, हे एवढ्यावरून सुटं करता येत नाही. तरी पेशी पुन्हा शाई गिळतात आणि सफाईला वेळ लागतो, हे प्रयोगशाळेतलं ज्ञान त्याच दिशेने बोट दाखवतं. दोन वेगळ्या वाटांनी एकच गोष्ट दिसली की विश्वास थोडा वाढतो. थोडाच.

‘आमच्याकडे पिको आहे’

मावसभाऊ म्हणाला, “दुसरं क्लिनिक म्हणतंय पिको लेझर घे, निम्म्यात काम होतं.” तर पिकोकडे वळू.

कल्पना पटण्यासारखी आहे. कण बारीक होत गेले की उष्णता पसरायचा वेळ नॅनोसेकंदाच्याही खाली जातो, मग झोतही तितका छोटा हवा. १९९८ मध्ये रॉस आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. १६ जणांचे काळे टॅटू, प्रत्येक टॅटूचा एक भाग ३५ पिकोसेकंदांच्या झोताने, दुसरा १० नॅनोसेकंदांच्या, चार वेळा. १६ पैकी १२ जणांत पिकोचा भाग जास्त फिका झाला. मला ही रचना फार आवडते. एकच माणूस, एकच शाई, एकच कातडी, फरक फक्त झोताचा. सोळाच माणसं आहेत, पण तुलना स्वच्छ आहे.

अडचण ‘पिको’ या शब्दात आहे. अमेरिकेत परवानगी मिळालेलं पहिलं व्यावसायिक पिको मशीन २०१२ च्या अखेरीस आलं. त्याचा झोत ३५ पिकोसेकंदांचा नव्हता, तो साधारण ७५० च्या घरात होता, म्हणजे वीसेक पट लांब, आणि तरंगलांबीही वेगळी. दोन्हीला ‘पिको’च म्हणतात. चर्चगेटहून दादरला जाणाराही वेस्टर्नचा प्रवासी आणि विरारला जाणाराही.

२०१७ मध्ये एका जर्मन गटाने २१ जणांच्या ३० काळ्या टॅटूंवर १०६४ चा पिको आणि १०६४ चा नॅनो असे अर्धे-अर्धे वापरले. दोन सिटिंग, मूल्यमापन करणाऱ्याला कोणता भाग कोणता हे माहीत नव्हतं. टॅटू फिका होण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. वेदना मात्र पिकोत कमी होती. आता दोन सिटिंग पुरेशा आहेत का, असा प्रश्न या पेपरलाही विचारता येतो, आणि विचारायलाच हवा. आपल्याला हवा तो निकाल देणाऱ्या पेपरला आपण सहसा प्रश्न विचारत नाही. मीही पहिल्यांदा विचारला नव्हता.

म्हणून ‘पिको चांगला की नॅनो?’ हा प्रश्न असा विचारायचाच नाही. कोणती तरंगलांबी, किती पिकोसेकंद, कोणता रंग, कोणती कातडी, किती सिटिंगनंतर, असा विचारायचा. ‘निम्म्यात काम’ याला यातलं एकही उत्तर जोडलेलं नव्हतं.

‘उत्कृष्ट’ म्हणजे किती?

या विषयातल्या बऱ्याच अभ्यासांत निकाल चार गटांत मांडतात: ० ते २५ टक्के सुधारणा, २६ ते ५०, ५१ ते ७५, आणि ७६ ते १००. शेवटच्या गटाला ‘उत्कृष्ट’ म्हणायची पद्धत आहे. म्हणजे ७६ टक्के फिका झालेला टॅटू आणि पूर्ण गेलेला टॅटू एकाच खणात.

पाठीवर ड्रॅगन असलेल्या माणसाला ७६ टक्क्यांत समाधान वाटू शकतं. पण चार अक्षरी नाव ८० टक्के फिकं झालं तरी वाचता येतं. वैद्यकीय मंडळापुढे ते टॅटूच आहे. आणि शाई गेली पण जागी पांढरट चट्टा नावाच्या आकाराचा राहिला, तर शाईच्या मापाने निकाल १०० टक्के आणि माणसाच्या मापाने शून्य.

या सगळ्या पेपरांवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. आकडे खोटे नाहीत. ते ‘शाई किती गेली’ याचं उत्तर देतात. समोरचा माणूस विचारत असतो, ‘अमुक तारखेपर्यंत माझा हात कसा दिसेल?’ या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत पत्रकं छापली जातात.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

क्रीम: शाई डर्मिसमध्ये, क्रीम वरच्या थरावर. जी क्रीम खरंच खोल जाते ती आम्लासारखी जाळत जाते. अमेरिकेच्या एफडीएने टॅटू काढायच्या एकाही घरगुती क्रीमला मान्यता दिलेली नाही. चुना आणि बिब्बा हे आपल्याकडचे त्याच जातीचे सल्ले. दोन्हींनी कातडी भाजते.

मिठाने घासणं: सहाव्या शतकातल्या एटियस नावाच्या ग्रीक वैद्याच्या लिखाणापासून हे चालत आलंय. शाई जाते ती कातडीसकट, व्रण राहतो.

कातडीच्या रंगाच्या शाईने झाकणं: कोणीतरी मावसभावाला हेही सुचवलं होतं. अशा फिक्या शाईत बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड असतं, आणि पुढे कधी लेझर मारला तर ते क्षणात काळं पडू शकतं. अँडरसन यांच्याच गटाने १९९३ मध्ये हे नोंदवलंय. म्हणजे आज झाकलेला टॅटू उद्या काढणं आणखी अवघड.

कापून काढणं: लहान टॅटू असेल तर सर्जन तेवढी कातडी काढून टाके घालतो. शाई एका दिवसात शंभर टक्के जाते, बदल्यात एक सरळ व्रण राहतो. काहींना व्रण जाड होण्याचा, केलॉइडचा धोका असतो, आणि तो सावळ्या कातडीत जास्त दिसतो. हा पर्याय जाहिरातींत क्वचितच दिसतो. एकदाच होणाऱ्या कामाचं पॅकेज विकता येत नाही, हे एक कारण असावं. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

तुम्ही वाचताना

‘साहित्याचा आढावा’ लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक पेपरशेजारी वहीत चार ओळी लिहा. छेदात कोण आहे आणि कोण गळलं? यश कशाला म्हटलंय, आणि ते कोणाच्या दृष्टीने? तुलना कशाशी? ही माणसं, ही कातडी, हे मशीन माझ्या प्रश्नातल्यासारखं आहे का? पाचवी ओळ मी आता स्वतःसाठी वाढवली आहे: हा पेपर मला आवडला म्हणून मी त्याला सोडून दिलं का?

मी मावसभावाला दुसरा मेसेज केला. ‘चौदा विसर. मला माहीत नाही. तिसरी सिटिंग थांबव आणि महापालिकेच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात जाऊन चट्टा दाखव.’ त्याने लिहिलं, ‘एवढं शिकून माहीत नाही?’ आणि पुढे हसणारा चेहरा.

तो गेला. केसपेपर काढून दोन तास रांगेत बसला. डॉक्टरबाईंनी हात बघितला, चट्टा भरेपर्यंत लेझर पूर्ण बंद ठेवायला सांगितला, आणि मग विचारलं, “तुला हे कधीपर्यंत जायला हवंय, आणि कशासाठी?” अंधेरीच्या क्लिनिकने हे विचारलं नव्हतं. मीही नाही. कारण ऐकल्यावर त्यांनी दोन्ही वाटा त्याच्यासमोर ठेवल्या: वेळ असेल तर सावकाश लेझर, वेळ नसेल तर सर्जनकडे जाऊन कापून काढण्याबद्दल बोलणं. व्रण मंडळाला चालेल का, हे मंडळच ठरवेल, हेही सांगितलं.

त्याने अजून ठरवलेलं नाही. पहाटे पाचला पळायला जातो, फुल बाहीचा टी-शर्ट घालून.